कैलास लेणं परग्रहवाल्यांनी नाही, पाथरवटांनी कोरलंय

मामांनी काल फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज टाकला. वेरूळचं कैलास लेणं माणसाला शक्यच नाही, १८ वर्षांत २ लाख टन दगड काढायचा तर परग्रहवाल्यांची मशीनच पाहिजे, औरंगजेबाची हजार माणसं तीन वर्षं फोडत बसली तरी काही झालं नाही, आणि शेजारची बौद्ध-जैन लेणी म्हणे नंतर घुसडलेली. खाली सगळ्यांचे हात जोडलेले.

मामा, रागावू नका, पण तुमचेच आकडे घेऊ. वर्षाचे ३०० दिवस धरले तर रोजचे ३७ टन होतात, २५० माणसं लावली तर माणशी दीडशे किलो, म्हणजे बेसॉल्टचे दोन घनफूटसुद्धा नाहीत, आणि काम राष्ट्रकूट राजाचं, तिथे माणसांना काय तोटा. छिन्नीचे घाव भिंतींवर आजही दिसतात, मशीनवाले छिन्नी कशाला वापरतील?

आणि चक्क लेखी पुरावा आहे. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्क राजाचा बडोद्याला सापडलेला ताम्रपट, साल ८१२-१३. त्यात एलापूरचं, म्हणजे वेरूळचं, हे देऊळ पहिल्या कृष्णराजाने करवलं असं येतं. ते बघून विमानातले देव थक्क झाले (विमान वाचून लगेच उडू नका, ते कवीचे देव आहेत) आणि ज्याने घडवलं तो कारागीर स्वतःच म्हणाला, हे मी केलं तरी कसं! बाराशे वर्षांपूर्वी त्या माणसाला स्वतःच्या हातांचं नवल वाटलं आणि आपण ते श्रेय सरळ आकाशातल्या कुणाला तरी देऊन टाकतोय, याचाच जास्त राग येतो.

वरून खाली एका दगडात कोरलंय हे मात्र खरं, तेवढं मान्य. मूर्ती फुटल्यात हेही खरं, अंगणातल्या हत्तीची सोंड गेलीय. पण हजार माणसं आणि तीन वर्षं याला त्या काळातलं एक कागदपत्र दाखवा, मग बोलू.

राहिलं घुसडण्याचं. १ ते १२ नंबरची बौद्ध लेणी, त्यातली बहुतेक कैलासच्या आधीची, मग आधीची गोष्ट नंतर कशी घुसडतात? जैन लेणी नंतरची आहेत, पण त्यातलं ३० नंबरचं तर कैलासचीच छोटी नक्कल आहे, नावच छोटा कैलास, आणि तेही अर्धवट राहिलेलं. ते पण परग्रहवाल्यांनीच करायला घेतलं का, आणि मध्येच मशीन बंद पडलं?