इरफानच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते पटकथेत का नाही?

काल रात्री 'ब्लॅकमेल' पुन्हा पाहिला. एप्रिल २०१८ मध्ये थिएटरात पाहिला होता, तेव्हा मन थाऱ्यावर नव्हतं. इरफानच्या आजाराची बातमी महिन्याभरापूर्वीच आली होती. तो पडद्यावर दिसतोय एवढंच तेव्हा पुरेसं वाटलं, सिनेमाबद्दल तक्रार करावीशीच वाटली नाही. आज करतेय. (पुढे कथा उघड केली आहे. पाहिला नसेल तर आधी पाहा.)

सुरुवात काय जबरदस्त आहे! देव कौशल टॉयलेट पेपर विकणाऱ्या कंपनीत नोकरीला. संसारात ओलावा उरलेला नाही, म्हणून एक दिवस बायकोला चकित करायला फुलं घेऊन लवकर घरी येतो, तर बेडरूममध्ये ती दुसऱ्याबरोबर. त्या क्षणी इरफान काहीच करत नाही. ओरडत नाही, रडत नाही. नुसता बघत राहतो, आणि आपल्याच पोटात खड्डा पडतो. बायकोच्या प्रियकराला मारावं की बायकोला, हे मनातल्या मनात करून पाहिल्यावर तो ठरवतो, ब्लॅकमेल करायचं. हप्ते तरी फिटतील.

मग तो प्रियकर, रंजित, पैशासाठी आपल्या श्रीमंत बायकोकडे, डॉलीकडे, हात पसरतो. ते पुरेनासं झाल्यावर तो स्वतःच निनावी होऊन देवच्या बायकोला, रीनाला, ब्लॅकमेल करतो, आणि रीना पैसे मागायला येते देवकडेच! म्हणजे देवचा पैसा फिरून देवच्याच खिशात. इतकी सुंदर कल्पना हिंदीत फार कमी वेळा सुचली आहे. नवरा-बायको एका छताखाली राहतात, दोघंही खोटं बोलतात आणि दोघांच्या खोट्याची किंमत एकाच खिशातून जाते. इथेच थांबून हे वर्तुळ आवळत न्यायला हवं होतं.

त्याऐवजी माणसं वाढत जातात. ऑफिसातला मित्र, मग ऑफिसातलीच प्रभा, मग गुप्तहेर. ज्याला त्याला वाटा हवा. प्रत्येक नव्या माणसाबरोबर गुंता वाढतो, पण ताण वाढत नाही, कारण या नव्या मंडळींचं पैशापलीकडे पणाला काहीच लागलेलं नाही. ओमी वैद्यचे टॉयलेट पेपरचे विनोद पहिल्यांदा हसवतात, चौथ्यांदा नाही. मध्येच उर्मिलाचं गाणं येतं आणि उरलीसुरली पकडही सुटते.

माझा खरा राग मात्र प्रभाच्या मृत्यूवर आहे. अनुजा साठेनं ही मुलगी किती जिवंत केली आहे! ती मरते तेव्हा सगळं बदलायला हवं होतं. देव आता फसवला गेलेला नवरा राहिलेला नाही, त्याच्यामुळे एक जीव गेला आहे. पण सिनेमा त्या मृत्यूपाशी थांबतच नाही. तो घाईघाईनं पुढच्या भानगडीकडे पळतो, आणि ती मुलगी कथेतली एक अडचण होऊन राहते.

'जाने भी दो यारो' आठवा. डिमेलोच्या प्रेताची केवढी पळवापळवी, महाभारताच्या रंगमंचापर्यंत! हसून हसून मुरकुंडी वळते. पण शेवटी कैद्यांच्या कपड्यातले नसीर आणि रवी बासवानी गळा चिरल्याची खूण करतात आणि ते सगळं हसू घशात अडकतं. १९८३ चा सिनेमा आहे. त्यातलं हसू मेलेल्या माणसाला विसरत नाही, म्हणून ते अजून बोचतं.

'ब्लॅकमेल'चा दिग्दर्शक अभिनय देव. त्याचा 'डेल्ही बेली' मला मनापासून आवडतो. रमेश-सीमा देव यांच्या घरातला हा मुलगा इतका बेधडक सिनेमा करतो याचं २०११ मध्ये केवढं अप्रूप वाटलं होतं! पण तिथे अक्षत वर्माची पटकथा घट्ट विणलेली होती. इथे इरफान, कीर्ती कुल्हारी, दिव्या दत्ता, अरुणोदय सिंग अशी माणसं हाताशी आहेत. नशेतल्या डॉलीच्या एकेका नजरेत दिव्या दत्ता लग्नाचा अख्खा इतिहास सांगून जाते. अरुणोदयचा घाबरट, धिप्पाड रंजित तर मला देवइतकाच लक्षात राहिला. नट कमी पडलेले नाहीत. त्यांना खेळायला प्रसंग मिळालेले नाहीत.

आणि रीना? तिला असं का करावंसं वाटलं, हे सिनेमा धड विचारतच नाही. मला देव आणि रीना समोरासमोर बसलेले बघायचे होते. पैशाचा विषय निघालाय, दोघांनाही सगळं माहीत आहे आणि कुणीच बोलत नाही. इरफाननं त्या शांततेत काय केलं असतं, या विचारानं काल रात्री बराच वेळ झोप लागली नाही.