‘पानी’, ‘र’ आणि आबांचा धोटा

गेल्या महिन्यात एमएच्या वर्गात जॉन क्लेअर या इंग्रज कवीवर बोलले. तीन आठवडे तयारी केली होती. तास संपल्यावर एक वर्गमैत्रीण जवळ येऊन म्हणाली, "मुद्दे छान होते गं, पण तू ‘र’ फार ठासून म्हणतेस. वर्ड, हार्ट, वॉटर... लगेच कळतं गावाकडची आहेस ते." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तरी त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

कारण हे मी आधी एकदा ऐकलं होतं. पाचवीत बाईंनी मला फळ्यापाशी उभं करून ‘पाणी’ हा शब्द दहा वेळा म्हणायला लावला होता. माझ्या तोंडून दहाही वेळा ‘पानी’च आलं. पाटण तालुक्यातल्या आमच्या घरात आजही पानी, लोनी, कोन आलंय असंच बोलतात. त्या दिवसानंतर मी दोन मराठी शिकले, एक घरची आणि एक शाळेची. आईशी फोनवर बोलताना होस्टेलच्या खोलीत कुणी आलं, की माझी भाषा मधल्यामध्ये बदलते. आईला ते कळतं. ती काही बोलत नाही.

त्या ‘र’चा पिच्छा मात्र मी पुरवला. लायब्ररीत बसून इंग्रजी उच्चारांचा इतिहास वाचला, आणि जे हाती लागलं ते इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

शेक्सपिअरच्या लंडनमध्ये हा ‘र’ स्पष्ट म्हटला जायचा. शब्दाच्या शेवटी किंवा दुसऱ्या व्यंजनाआधी आला की तो गाळायचा, ही रीत दक्षिण इंग्लंडमध्ये पसरली ती मुख्यतः 18व्या शतकात. आणि सुरुवातीला ती खालच्या थरातली मानली गेली! कीट्सच्या पिढीतले कवी ‘थॉर्न्स’ आणि ‘फॉन्स’ अशी यमकं जुळवायचे. ‘र’ गाळला तरच ती जुळतात. अशा यमकांना टीकाकार ‘कॉकनी’ म्हणून हिणवायचे, म्हणजे लंडनच्या गल्लीतली. कीट्सचे वडील भाड्याच्या घोड्यांचा तबेला सांभाळायचे. तो स्वतः औषधं देण्याचा परवाना काढलेला मुलगा. 1818 साली ब्लॅकवुड्स मासिकात त्याच्यावर लेख आला, त्याचा सूर असा होता की उपाशी कवी होण्यापेक्षा उपाशी औषधवाला झालेलं बरं, तेव्हा दुकानात परत जा. कवितेवरची टीका म्हणून हा लेख आम्हाला शिकवतात. मला त्यात ‘ही तुझी जागा नाही’ एवढंच ऐकू येतं.

पुढे काय झालं बघा. शंभर वर्षांत तोच गाळलेला ‘र’ इंग्लंडमधल्या बड्या निवासी शाळांतल्या मुलांच्या तोंडी पक्का बसला. 1917 मध्ये डॅनियल जोन्स या उच्चारशास्त्रज्ञाने उच्चारकोश काढला, तेव्हा त्याने याच शाळांचा उच्चार नमुना म्हणून घेतला. मग बीबीसीने तो घरोघरी पोचवला. आणि अटलांटिकच्या पलीकडे नेमकं उलटं. 1962 मध्ये विल्यम लबॉव हा भाषाशास्त्रज्ञ न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत गेला, एक महागडं, एक मध्यम, एक स्वस्त. विक्रेत्यांना असा प्रश्न विचारायचा की उत्तर ‘फोर्थ फ्लोअर’ हेच यावं. ‘र’ सगळ्यात जास्त ऐकू आला तो महागड्या दुकानात, सगळ्यात कमी स्वस्त दुकानात. म्हणजे लंडनमध्ये ‘र’ गाळणारा साहेब, न्यूयॉर्कमध्ये ‘र’ म्हणणारा साहेब.

मग माझा ‘र’ चुकीचा कुठे ठरतो? जुना आहे म्हणून तो बरोबर, असं मला म्हणायचं नाही. तो वाद मला नकोच आहे. अक्षरात चांगलं-वाईट काही नसतं, ते कुणाच्या तोंडी आहे हे बघून त्याला किंमत दिली जाते. ‘पाणी’चं तेच. मूळ संस्कृत शब्द ‘पानीय’, त्यात ‘न’च आहे. हिंदीतला ‘पानी’ कुणालाही गावंढळ वाटत नाही. आमच्या तोंडचा तेवढा वाटतो.

आता क्लेअरबद्दल, कारण हा कवी मला फार जवळचा आहे. जन्म 1793, नॉर्थम्प्टनशरमधलं हेल्पस्टन गाव. बाप दुसऱ्यांच्या खळ्यावर मळणी करणारा, आईला अक्षर येत नव्हतं. 1820 मध्ये पहिलं पुस्तक आलं, त्यावर कवीच्या नावाखाली ‘नॉर्थम्प्टनशरचा एक शेतकरी’ असं छापलं होतं. मुखपृष्ठावर त्याची पायरी दाखवून मगच त्याला आत घेतलं. कीट्सचाच प्रकाशक जॉन टेलर त्याची भाषा नीट करून छापायचा. क्लेअर विरामचिन्हं देत नसे आणि गावातले शब्द बिनधास्त वापरायचा. गोगलगाईच्या कवचाला ‘पूटी’, पाणी गोठू लागलं की त्याला ‘क्रिझल’. टेलरला त्याने पत्रात लिहिलंय की विद्येतलं व्याकरण म्हणजे राज्यकारभारातली जुलूमशाही, आणि मी तिचा गुलाम होणार नाही. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

त्याच्या गावची मोकळी जमीन 1809 च्या कायद्याने कुंपणात गेली. आपल्याकडच्या वाचकाला हे ‘एन्क्लोजर’ म्हणून समजावत बसण्यापेक्षा ‘गायरान गेलं’ म्हटलं की पुरतं कळतं. गुरं चारायची, सरपण आणायची, पोरांनी हुंदडायची जागा एका कागदाने दुसऱ्याची झाली. क्लेअरने गावावरच्या कवितेत संपत्तीला शाप दिला, तर लॉर्ड रॅडस्टॉक या त्याच्या आश्रयदात्याने त्या ओळींना हरकत घेतली आणि पुढच्या एका आवृत्तीत त्या गेल्या. शब्द दुरुस्त करणं आणि ओळी काढून टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं वर्गात सांगितलं जातं. मला त्या इतक्या वेगळ्या वाटत नाहीत. शेवटची बावीसेक वर्षं क्लेअर नॉर्थम्प्टनच्या वेड्यांच्या इस्पितळात होता. तिथेही लिहीत राहिला.

यावर कुणी विचारेल, एवढं आहे तर इंग्रजी शिकतेस कशाला? शिकते, कारण मला ती हवी आहे. सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ 1854 चा, त्यात त्यांनी शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकायला सांगितलंय. ज्यांना संस्कृतच्या दारात उभं केलं नाही, त्यांच्यासाठी ही भाषा काय होती हे त्यांना पुरतं माहीत होतं. आमच्या घरात इंग्रजी पुस्तक वाचणारी मी पहिली. ते दार मी स्वतःहून लावून घेणार नाही. फक्त आत जाताना तोंडातला ‘र’ आणि ‘न’ उंबऱ्याबाहेर काढून ठेवा, ही अट मला मान्य नाही.

आणि ती न मानता आत गेलेला एक माणूस मला सापडला. जोसेफ राइट, जन्म 1855, यॉर्कशर. सहाव्या वर्षी दगडाच्या खाणीवर गाढवाची गाडी हाकायचा. मग कापड गिरणीत, भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या लावायच्या कामावर. पंधरा वर्षांचा होईपर्यंत वाचता येत नव्हतं. पुढे रात्रशाळेत शिकला, मग घरीच गिरणीतल्या सोबत्यांना आठवड्याला दोन पेन्स घेऊन शिकवू लागला. साठवलेल्या पैशांवर जर्मनीला निघाला, अँटवर्पपासून हायडेलबर्गपर्यंत पायी. शेवटी ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. आणि केलं काय? 1892 मध्ये स्वतःच्या विंडहिल गावच्या बोलीचं व्याकरण लिहिलं. मग 1898 ते 1905 या काळात इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश काढला. खाणीतले, गिरणीतले, गोठ्यातले शब्द, गावागावांतल्या माणसांकडून मागवून घेतलेले. ज्या भाषेला ‘बिघडलेली इंग्रजी’ म्हणत, तिला नियम आहेत हे त्याने एकेक शब्द मांडून दाखवलं.

राइटचं गिरणीतलं बालपण वाचताना मला आबा आठवले. माझे आजोबा मुंबईत कापड गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात होते. 1982 चा संप झाला आणि ते गावी परत आले, ते कायमचे. घरात त्यांचे तिथले शब्द अजून फिरतात. कुणाला उशीर झाला की "पाळी चुकली", म्हणजे गिरणीतली शिफ्ट, पावसाळ्यात उगीच एखादा दिवस काम मिळालं की "बदली लागली". लहानपणी मला वाटायचं, हे आमच्या घरचेच शब्द आहेत.

तीन रविवार झाले, मी फोनवर त्यांच्याकडून ते लिहून घेते आहे. आबांना आधी पटेना. "आगं, ह्यात काय हाय लिवन्यासारखं?" मी राइटची गोष्ट सांगितली, गाढवाच्या गाडीपासून ऑक्सफर्डपर्यंत. थोडा वेळ गप्प बसले, मग धोट्याचं सांगू लागले, मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो. धोटा उडताना त्याचा आवाज जरा जरी बदलला तरी दोन साच्यांपलीकडून कळायचं, आतली सुताची कांडी संपत आली. जॉबर, म्हणजे मुकादम, यायच्या आत ती बदलायची. हे ते मला समजावत होते आणि मागून आजी ओरडत होती की जेवण गार होतंय.

मी त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं. ‘पानी’ आलं तिथे ‘पानी’च. फोन ठेवताना म्हणाले, "फुडच्या ऐतवारी येळेवर कर. जॉबरचं सांगायचं ऱ्हायलंय, त्ये लय मोठं हाय."