गोळी लागली, हे कोणी सांगायचे?

चतुर्थीत गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या घरी सोप्यावर झालेला वाद मी इंग्लंडमधल्या स्विंडनहून फोनवर ऐकला. वाड्यावरच्या एका तरुणाला वडिलांच्या काजूच्या बागायतीत एअरसॉफ्टचे, म्हणजे नकली बंदुकांनी एकमेकांवर प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडण्याच्या खेळाचे, मैदान करायचे आहे, आणि थोरल्या काकांचे म्हणणे असे की, पोरांच्या हाती बंदुका देण्याला खेळ म्हणता येत नाही. त्यावर माझ्या चुलतभावाने ‘दादा तिथे दर रविवारी हेच खेळतो’ असे सांगून टाकले आणि वाद माझ्याकडे वळला.

काकांचा आक्षेप मला समजतो. चतुर्थीत टिकल्यांचे पिस्तूल आम्हीही फोडले, पण एअरसॉफ्टची बंदूक दिसायला अगदी खऱ्यासारखी असते. तिच्यातून सहा मिलिमीटर व्यासाची, जेमतेम पाव ग्रॅमची प्लॅस्टिकची गोळी सुटते. ती पेंटबॉलसारखा रंगाचा डाग ठेवत नाही, आणि चाळीस मीटरवरून आलेली गोळी जाड जॅकेटवर बसली तर इतरांना कळण्याचा प्रश्नच नसतो. म्हणून नियम असा की, ज्याला लागली त्याने स्वतःच हात वर करून ‘हिट’ म्हणून ओरडायचे आणि मैदानाबाहेर चालू लागायचे. समोरच्याला ‘तुला लागली, बाहेर हो’ असे ओरडून सांगणेच तिथे असभ्य मानतात; फारच शंका असेल तर मैदानावरच्या मार्शलला, म्हणजे पंचाला, सांगावे.

आपण ज्या खेळावर वाढलो त्याची रीत नेमकी उलट आहे. क्रिकेटच्या नियमांप्रमाणे क्षेत्ररक्षकांनी अपील केल्याशिवाय पंच फलंदाजाला बाद देऊच शकत नाही. म्हणजे ओरडायचे ते दुसऱ्याच्या बाद होण्याबद्दल, स्वतःच्या नव्हे. भातकापणीनंतर शेतात रंगणाऱ्या आमच्या सामन्यांत तर पंचही फलंदाजी करणाऱ्या संघाचाच असे, आणि बॅटची कड लागल्याचे कबूल करणारा मुलगा आपल्याच संघाच्या शिव्या खाई. १९८० साली मुंबईच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत, पंचाने बाद दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांनी परत बोलावले आणि भारत तो सामना हरला. ही गोष्ट आम्हाला मोठ्या कौतुकाने सांगितली जाई. तसे वागायला मात्र कोणी सांगितल्याचे आठवत नाही.

इथली माणसे आपल्यापेक्षा प्रामाणिक असतात, असे मला मुळीच म्हणायचे नाही. गोळी लागूनही झाडाआड गप्प बसणारे इथेही आहेत, आणि खेळानंतरच्या चहात निम्म्या तक्रारी त्यांच्याच असतात. माझ्या पाहण्यात मात्र असा माणूस बहुधा जिंकण्यासाठी किंवा हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यासाठी आलेला असतो. बाकीच्यांची कारणे साधी असतात: कोणाला पोट कमी करायचे असते, कोणाला बंदुकीचे यंत्र उघडून जुळवण्यातच गोडी असते. माझे कारण सांगण्यासारखे नव्हते. गोदामातल्या रात्रपाळीमुळे आठवडाभर माणसांशी बोलणे होत नसे, आणि पहिले काही महिने मी फक्त फौजी वेशातले फोटो गावी पाठवता यावेत म्हणून खेळलो. त्याच काळात एकदा पाठीवरच्या पिशवीला गोळी टक्कन लागली, तरी मी ‘हिट’ म्हटले नाही. ती झाडणारा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि काही न बोलता दुसरीकडे वळला. फोटो पाठवायचे मी त्यानंतर थांबवले.

आमच्याकडे खेळाची कारणे कागदावर मागतात. दहावीला क्रीडागुण किती, नोकरीत राखीव जागा आहे का, हे विचारून झाल्यावरच मुलाला मैदानावर सोडतात. एअरसॉफ्टमध्ये यांतले काहीच मिळत नाही, आणि सोप्यावरच्या वादात बंदुकीइतकीच हीही अडचण होती, असा मला संशय आहे.

काकांच्या बाजूने दोन गोष्टी मात्र मी मान्य केल्या. एक कायद्याची. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्याने हुबेहूब नकली बंदुकांच्या विक्रीवर बंदी आहे. सूट मिळते ती मैदानावर नियमित खेळणाऱ्या नोंदणीकृत खेळाडूला, आणि अठराच्या आतल्याला तर कोणतीच नकली बंदूक विकता येत नाही. खेळ सुरू होण्यापूर्वी प्रत्येक बंदुकीतून सुटणाऱ्या गोळीचा वेग मोजतात, संरक्षक चष्म्याशिवाय कोणालाही आत सोडत नाहीत, आणि बंदूक घरी न्यायची ती बंद पिशवीतून. जिथे निवडणूक आली की रानडुकरांसाठी ठेवलेली परवान्याची बंदूकही शेतकऱ्याला पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, तिथे खऱ्यासारखी दिसणारी बंदूक स्कूटरवरून मिरवणे पोलीस खपवून घेणार नाहीत, आणि घेऊही नये. दुसरी गोष्ट कचऱ्याची. एका रविवारी हजारो गोळ्या पाचोळ्यात पडतात, आणि बागायतीखालीच कुळागर, म्हणजे माडा-पोफळीची बाग, व त्याचा पाट आहे. इथली बरीच मैदाने विघटन होणाऱ्या गोळ्यांचाच आग्रह धरतात, पण त्याही विरायला वेळ घेतात.

काकांनी हे सगळे ऐकून घेतले आणि मग विचारले, “लागली म्हणून सांगायचेच नाही असे एखाद्याने ठरवले, तर तुम्ही त्याचे काय करता?” मी म्हटले, “काही नाही, काका. पुढच्या खेळाला त्याला आपल्या बाजूला घ्यायला कोणी तयार नसते.” पलीकडे चुलतभाऊ हसला. काका हसले नाहीत. बागायतीत कुंपण कुठवर घालणार, हे त्यांनी त्या तरुणाला विचारायला घेतले.