खुलासा: कल्चर निगेटिव्ह आलं म्हणजे झडप सुरक्षित, असं नाही

‘हृदयात कृत्रिम झडप असलेल्याला ताप आला, पण ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) निगेटिव्ह आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल असेल, तर झडपेला जंतुसंसर्ग नाही,’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि धोकादायकही.

कल्चर निगेटिव्ह येण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे रक्त काढण्याआधीच सुरू झालेलं अँटिबायोटिक. म्हणून कृपा करून, घरात उरलेल्या गोळ्या तापावर घेऊ नका. शिवाय प्राण्यांपासून येऊ शकणारे काही जंतू असतात: क्यू फीवर या आजाराचा जंतू कॉक्सिएला नेहमीच्या कल्चरमध्ये वाढतच नाही आणि बार्टोनेला हा जंतू क्वचितच सापडतो. त्यांच्यासाठी रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तपासावी लागतात किंवा पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) करावी लागते. गुरं, शेळ्या-मेंढ्या, मांजरं यांच्याशी संबंध येत असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा.

छातीवरून केलेल्या इकोत कृत्रिम झडपेचीच सावली आड येते. अन्ननलिकेतून केलेला इको अधिक स्पष्ट असतो. तोही नॉर्मल आला आणि शंका उरली, तर ५ ते ७ दिवसांनी पुन्हा करतात. २०२३च्या सुधारित ड्यूक निकषांत (हृदयाच्या आतल्या जंतुसंसर्गाचं निदान ठरवण्याचे निकष) पेट-सीटीलाही (सूज किंवा संसर्ग असलेली जागा चमकताना दाखवणारं स्कॅन) महत्त्वाचं स्थान आहे. मात्र शस्त्रक्रियेनंतर पहिले ३ महिने जखम भरतानाची सूजही त्यात चमकते, त्यामुळे त्या काळात त्याला कमी वजन दिलं जातं.