मंगळ रिक्षापेक्षा स्वस्त? हिशेब तपासू या

इस्रोची कुठलीही मोहीम फत्ते झाली की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच. रिक्षाला किलोमीटरमागे दहा रुपये पडतात, आपलं मंगळयान सातच रुपयांत गेलं. जे काम करायला नासाला ६७ कोटी डॉलर लागले, ते आपण ४५० कोटी रुपयांत केलं. चांद्रयान-३ तर फक्त ६१५ कोटींत, म्हणजे हॉलिवूडच्या एका पिक्चरपेक्षा कमी पैशांत चंद्रावर. आणि खाली तिरंग्यांची रांग.

रिक्षाची तुलना २०१४ साली खुद्द पंतप्रधानांनी न्यूयॉर्कच्या सभेत केली होती. सभेत टाळ्या घ्यायला ती झकासच आहे. पण लोक आता ती पुरावा म्हणून वापरतात, आणि तिथे गडबड होते. आकडे बहुतेक खरे आहेत. त्यांतून काढलेला अर्थ मात्र जवळजवळ प्रत्येक ठिकाणी चुकलाय.

आधी ते सात रुपये. भागाकार बरोबर आहे: ४५० कोटी रुपये भागिले ६५ कोटी किलोमीटर. पण रिक्षा किलोमीटरवर चालते, कारण तिचं इंजिन प्रत्येक किलोमीटरला गॅस खातं. यान तसं जात नाही. १ डिसेंबर २०१३ च्या मध्यरात्री मंगळयानाचं मुख्य इंजिन सुमारे २२ मिनिटं पेटलं, १९८ किलो इंधन जळलं आणि यान पृथ्वीच्या पकडीतून सुटलं. त्यानंतर जवळपास तीनशे दिवस ते इंजिन बंद. वाटेतल्या किरकोळ दिशादुरुस्त्या छोट्या थ्रस्टरांनी केल्या. इतके महिने थंड पडलेलं इंजिन ऐनवेळी पेटेल का, हीच मोठी धास्ती होती, म्हणून २२ सप्टेंबर २०१४ ला ते चार सेकंद चालवून पाहिलं. दोन दिवसांनी ते २४ मिनिटं चाललं आणि यान मंगळाच्या कक्षेत शिरलं. खर्च होतो तो वेग बदलायला. अंतर फुकटात कापलं जातं.

तरीही किलोमीटरचाच हट्ट असेल तर तोच भागाकार चंद्राला लावू. ६१५ कोटी भागिले ३ लाख ८४ हजार किलोमीटर, म्हणजे किलोमीटरमागे सोळा हजार रुपये. या न्यायाने चांद्रयान-३ मंगळयानाच्या दोन हजार पटींहून महाग ठरतं! आणि सगळ्यांत स्वस्त कोण? नासा. १९७७ साली सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर नेपच्यूनपर्यंतच्या प्रवासासाठी सुमारे ८६.५ कोटी डॉलर खर्च झाले. त्यांतलं एकटं व्हॉयेजर-१ आज अडीच हजार कोटी किलोमीटरच्या घरात आहे. डॉलरचे ८५ रुपये धरले तर किलोमीटरला तीन रुपये. महागाई धरलेली नाही, मान्य. पण या मेसेजमध्ये तरी कोण काय धरतं?

दुसरा मुद्दा, 'नासाचं तेच काम'. तुलना नासाच्या मेव्हन या मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाशी आहे. ते यान मंगळयानानंतर तेरा दिवसांनी सुटलं आणि त्याच्या दोन-तीन दिवस आधी पोचलं. दोघंही मंगळाभोवती फिरणार, एवढंच सारखं. मेव्हनवर सुमारे ६५ किलोची उपकरणं होती, मंगळयानावर पंधराएक किलोची. यामागचं कारण सांगण्यासारखं आहे. २०१० साली इस्रोचं मोठं रॉकेट जीएसएलव्ही लागोपाठ दोनदा कोसळलं, त्यामुळे मंगळासाठी भरवशाचं पण लहान रॉकेट पीएसएलव्ही घ्यावं लागलं. त्याने यानाला पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत सोडलं, पुढची कक्षा यानाने स्वतःचं इंधन जाळून टप्प्याटप्प्याने वाढवली. साहजिकच उपकरणांना वजन कमी उरलं, मंगळाभोवतीची कक्षाही फार लांबट मिळाली: जवळ ४२२ किलोमीटर, लांब जवळपास ७७ हजार. गाजावाजा झालेला मिथेन सेन्सर मिथेन शोधायच्या कामी आलाच नाही; त्याच्याकडून पृष्ठभाग किती प्रकाश परावर्तित करतो याचे नकाशे करून घेतले. याउलट त्याच लांबट कक्षेमुळे मंगळाचे पूर्ण गोल फोटो मिळाले. सहा महिन्यांसाठी पाठवलेलं यान साडेसात वर्षं टिकलं, आणि मंगळाच्या कक्षेत पोचणारा भारत आशियातला पहिला देश ठरला. इस्रोने स्वतः या मोहिमेला तंत्रज्ञानाची चाचणी म्हटलं होतं. ती चाचणी उत्तम झाली. ते मेव्हनचं काम नव्हतं, आणि असं म्हटल्याने इस्रोचा काही अपमान होत नाही.

आता ६१५ कोटी. हा आकडा २०२० साली तत्कालीन अध्यक्ष के. सिवन यांनी सांगितला: यानाचे २५० कोटी, प्रक्षेपणाचे ३६५ कोटी. त्यात ऑर्बिटरचा, म्हणजे चंद्राभोवती फिरत राहणाऱ्या यानाचा, खर्च नाही, कारण चांद्रयान-२ चा ऑर्बिटर २०१९ पासून वर फिरतोच आहे. उतरायच्या जागेचे बारीक फोटो त्यानेच काढले, संदेश पोचवायलाही तोच हाताशी होता. शिवाय ७ सप्टेंबर २०१९ ला चांद्रयान-२ चा लँडर विक्रम कोसळला, त्या अपघाताची माहिती तपासूनच पुढचं यान घडलं. मधलं पाचवं इंजिन काढलं, पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, वेग थेट मोजणारं लेझर उपकरण बसवलं. उतरायची जागा अर्धा किलोमीटर बाय अर्धा किलोमीटर होती, ती चार बाय अडीच किलोमीटरच्या आसपास केली. चांद्रयान-२ ला ९७८ कोटी लागले होते. म्हणजे चांद्रयान-३ उतरलं त्या २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळची किंमत दोन्ही मिळून १,५९३ कोटी. पाया न धरता फक्त वरच्या मजल्याचं बिल दाखवलं की घर स्वस्त दिसणारच. मला तरी १,५९३ हा आकडा जास्त आवडतो, कारण त्यात हरल्यावर पुन्हा उभं राहणं धरलेलं आहे.

पिक्चरच्या बजेटबद्दल दोनच वाक्यं. त्यातले निम्मे पैसे नटांना जातात की सेटवर, याचा लँडरच्या पायांशी काही संबंध नाही. उद्या कुणी कमी बजेटचा पिक्चर काढला तर चांद्रयान महाग होणार का?

'नासा उधळी, आपण काटकसरी' हा शेवटचा दावा. अपोलो-११ चार दिवसांत उतरलं, आपल्याला चाळीस दिवस लागले, म्हणून आपण हुशार, असंही त्यात कधी जोडलेलं असतं. अपोलोत माणसं होती. त्यांना चाळीस दिवस डबीत बसवून ठेवणं परवडलं नसतं, म्हणून अजस्र सॅटर्न-५ रॉकेट लागलं. आपलं रॉकेट लहान, म्हणून पृथ्वीभोवती घिरट्या घालत वेग वाढवावा लागला. ही गणिताची हुशारी आहेच, पण तिच्यामागे नाइलाजही आहे.

स्वस्ताईची खरी कारणं फारशी फॉरवर्ड होत नाहीत. इस्रोचे माजी अध्यक्ष माधवन नायर यांनी चांद्रयान-३ नंतर स्पष्टच सांगितलं होतं: इथले पगार जगातल्या पगारांच्या जेमतेम एक पंचमांश आहेत. हे अभिमानाने मिरवायचं की त्याची लाज वाटून घ्यायची, ज्याने त्याने ठरवावं. दुसरं कारण आजमावलेले भाग पुन्हा पुन्हा वापरणं: मंगळयानाचा सांगाडा चांद्रयान-१ च्या घराण्यातला. विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात रॉकेटची विकास इंजिनं बनतात, वालचंदनगरला रॉकेटच्या मोटरची आवरणं. ही कसबं अनेक दशकांत जमली, आणि त्या दशकांचा खर्च ना ४५० कोटींत दिसतो ना ६१५ कोटींत.

हे सगळं आत्ताच सांगायचं कारण म्हणजे सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने चांद्रयान-४ ला २,१०४ कोटी मंजूर केले. आधीच्या मोहिमेच्या जवळपास साडेतीन पट. यात दोन वेगवेगळी रॉकेट सुटणार, यानाचे भाग अवकाशात एकमेकांना जोडले जाणार, चंद्रावरची माती गोळा करून लँडरचा वरचा भाग तिथून उडणार आणि ती माती पृथ्वीवर परत येणार. अशा जोडणीची इस्रोची पहिली यशस्वी चाचणी जानेवारी २०२५ मध्ये स्पेडेक्स मोहिमेने केली. माणसं अवकाशात नेणाऱ्या गगनयानाचा मंजूर खर्च तर २० हजार कोटींच्या पुढे गेलाय. इतकी वर्षं 'स्वस्तात केलं' म्हणून पाठ थोपटणारेच उद्या हे आकडे पाहून 'इस्रोलाही आता उधळपट्टीची सवय लागली' असं लिहायला बसतील.