पेटी भरणं हे पोरांचं काम नव्हे

आंब्याच्या हंगामावरच्या एका लेखात म्हटलंय की देवगड-रत्नागिरीकडे मे महिन्याच्या सुट्टीत घरची मुलं आंब्याच्या पेट्या भरायची. पण तसं नव्हे, पेटी सहसा मोठी माणसंच भरत. मुलांकडे असायचं पेंढा झाडून देणं, पडीचा (झाडावरून खाली पडलेला) आंबा वेगळा करणं आणि अढी, म्हणजे पेंढ्यात पिकायला घातलेले आंबे, परतणं. यातलं शेवटचं काम सगळ्यात जोखमीचं.

अढीला भाताचा पेंढा खडखडीत वाळलेला हवा. ओलसर राहिला तर देठाकडून काळं पडत जातं. आंब्याचे दोन-तीनच थर, मध्ये पेंढा. एक नासका आत राहिला की शेजारचे चार गेलेच, म्हणून रोज हात फिरवायचा. पडीचा आंबा वरून कितीही चांगला दिसू दे, आपटलेल्या बाजूने आत नासतोच, त्यामुळे तो अढीत नको.

काढणी झेल्याने (लांब काठीला जाळी लावलेल्या साधनाने) आणि देठासकट. देठ मुळाशी तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि भाव उतरतो. चौदा आणे तयार (सोळा आणे म्हणजे पूर्ण, त्याच्या जरा अलीकडचं) फळ ओळखायचं तर देठाजवळ खळगा आणि दोन्ही बाजूंचे खांदे वर आलेले बघा. काढलेला आंबा उन्हात तापल्या जमिनीवर ठेवू नये, साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं) वाढतो. हे मात्र जाणती माणसंही घाईत विसरतात!

आणि हो, चार डझनाच्या पेटीतलं फळ सहा डझनाच्या पेटीतल्यापेक्षा मोठं असतं. नवीन गिऱ्हाईक नेमकं उलट समजतं.