कापलेलं सफरचंद आणि अँटीऑक्सिडंटच्या गोळ्या

परत तोच मेसेज फिरतोय. सफरचंदाच्या दोन फोडी, एक काळी पडलेली, दुसरीवर लिंबू पिळलंय म्हणून पांढरी, आणि खाली लिहिलंय की फ्री रॅडिकल्स (शरीरात बनणारे, पेशींना इजा करू शकणारे अस्थिर रेणू) तुमच्या शरीराचं असंच करतात, रोज अँटीऑक्सिडंटच्या (म्हणजे त्यांना आवरणाऱ्या पदार्थांच्या) गोळ्या घ्या, कॅन्सर टळेल, जेवढ्या जास्त तेवढं बरं, साईड इफेक्ट शून्य, आणि हे डॉक्टर तुम्हाला सांगणार नाहीत.

आधी तो फोटोच बघू. सुरीने पेशी फाटतात, मग आतलं एक एन्झाइम हवेतला ऑक्सिजन घेऊन फळातल्याच पॉलिफेनॉल्स नावाच्या पदार्थांचं ऑक्सिडेशन करतं, त्यातून तो तपकिरी रंग येतो. आता गंमत बघा, हीच पॉलिफेनॉल्स अँटीऑक्सिडंट म्हणून बाटलीत भरून विकतात! म्हणजे फोड काळी पडते ती अँटीऑक्सिडंट असूनच.

फ्री रॅडिकल्स म्हणजे निव्वळ विष, हेही अर्धवटच. पांढऱ्या पेशी जंतू गिळतात तेव्हा त्याला मारायला हेच मुद्दाम बनवतात. काहींच्या पेशींना जन्मापासून ते जमत नाही, त्यांना सारखी गंभीर इन्फेक्शन्स होतात. जास्तीचं आवरायला कॅटलेज, ग्लुटाथायोन वगैरे सोय शरीरात आहेच.

कॅन्सर टळेल म्हणे. फळं-भाज्या खाणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर कमी दिसायचा, मग त्यातलं बीटा कॅरोटीन हे अँटीऑक्सिडंट गोळीतून दिलं तर, असा साधा हिशोब करून फिनलंडमध्ये २९,१३३ सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, काहींना रोज २० मिलिग्रॅम, काहींना खोटी, औषध नसलेली गोळी, पाच ते आठ वर्षं. १९९४ ला निकाल आला तर बीटा कॅरोटीनवाल्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त! योगायोग असेल म्हणावं, तर अमेरिकेत १८,३१४ जणांवर, यात सिगरेटवाले होते आणि अॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेलेही, बीटा कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ए मिळून दिलं, तिथं २८ टक्के जास्त. ती चाचणी १९९६ मध्ये ठरल्यापेक्षा २१ महिने आधीच थांबवावी लागली. फळ खाणं आणि त्यातला एक पदार्थ उपसून गोळी करणं एक नव्हे राव.

'जेवढं जास्त तेवढं बरं' वर फार बोलत नाही. ३५ हजारांवर पुरुषांच्या चाचणीत रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई (हेही अँटीऑक्सिडंटच) घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त निघाला, २०११ ची गोष्ट. आणि साईड इफेक्ट शून्य म्हणणाऱ्यांनी रक्त पातळ करायची औषधं चालू असलेल्यांना विचारावं, व्हिटॅमिन ई च्या मोठ्या डोसने रक्तस्राव वाढू शकतो.

हां, एक मान्य. वयोमानाने डोळ्याचा पडदा खराब होतो, त्याच्या ठराविक टप्प्यावर ठराविक फॉर्म्युला उपयोगी पडतो, पण तो डोळ्यांचे डॉक्टर तपासून देतात.

राहिलं डॉक्टर लपवतात ते. अमेरिकेतल्या २२,०७१ डॉक्टरांनी स्वतःवरच प्रयोग करून घेतला, अर्ध्यांना दिवसाआड बीटा कॅरोटीन, अर्ध्यांना खोटी गोळी, सुमारे १२ वर्षं. फायदा नाही, तोटाही नाही. १९९६ लाच छापून मोकळे झाले ते.